तळ, मध्य, गच्ची

“सरांले बरं नाही वाटतं. आज नेट कसं पळू राह्यलं.”

पाटीलकाकू दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून खाली वाकून हे जमनाबेनना सांगत होत्या. जमनाबेन म्हणजे आमच्या घरमालकीण. त्या तळमजल्याच्या ओट्यावर वालपापडी सोलत बसल्या होत्या. मी वाळलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवरून उतरत होते. काकूंची माझ्याकडे पाठ होती. दोघी हसल्या आणि मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. पुढे गेले असते तर मलाही हसावं लागलं असतं.

सर आजारी नव्हते. काकूंच्या समोरच्याच खोलीत होते, दार लावून. नऊ दिवस झाले होते त्यांना जिन्यात थांबून, कुणाला काही विचारून. ते असे का बसलेत हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं, असं अख्ख्या इमारतीला वाटत होतं. खरं कारण फक्त मला ठाऊक होतं.

आमची इमारत महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडे, टोकरखाड्यात. बारा बिऱ्हाडं, त्यातली बरीचशी सायली गावच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारी. कुणी धुळ्याचं, कुणी नंदुरबारचं, आम्ही अमळनेरचे. नेट भाड्यातच. जमनाबेनकडे तीन कंपन्यांची माणसं एकाच आठवड्यात येऊन गेली, आणि त्यांना एकालाही नाही म्हणवेना, म्हणून इमारतीत तीन नेटं आली. वायफायचा एक डबा तळमजल्यावर त्यांच्या घरात, एक पहिल्या मजल्यावर बरोबर आमच्या दाराबाहेर, आणि एक गच्चीच्या दाराशी. तिन्हींचा पासवर्ड एकच, त्यामुळे कुणीही कुठल्याही नेटवर जावं. सरांनी त्यांची नावं ठेवली होती तळ, मध्य आणि गच्ची.

पहिल्यांदा ते आमच्या दारात आले तेव्हा हातात लांबट वही होती. सरकारी शाळेतले मास्तर वही घेऊन दारात उभे, म्हणजे शिरगणतीचं काम असणार असं समजून आईने त्यांना पाणी दिलं आणि आमची नावं सांगायला सुरुवात केली. सरांनी शांतपणे सगळी नावं ऐकून घेतली. मग विचारलं, “तुम्ही कुठे आहात?”

आई म्हणाली, “इथीच तर आहे.”

“नेटवर कुठे आहात? तळ, मध्य की गच्ची?”

आईने माझ्याकडे बघितलं. मला अनोळखी माणसांशी बोलायला नको वाटतं. मी फोन पुढे करून पडदा दाखवला. सरांनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला, वहीत लिहिलं आणि निघून गेले. आई म्हणाली, हा माणूस चांगला आहे पण काहीतरी आहे. त्यानंतर सात महिने ते रोज संध्याकाळी सातला येत आणि मी रोज फोन दाखवत असे. मला वाटतं, त्यांना मी आवडायचे याचं कारण एवढंच होतं. बाकीचे लोक थापा मारत. जो गच्चीवर असे तो तळ सांगे, म्हणजे दुसरं कुणी गच्चीवर येऊ नये. सरांना हे कळत असे. ते वहीत दोन रकाने ठेवत, एक सांगितलेलं आणि एक खरं असावं असं. माझ्या नावापुढे त्यांनी दुसरा रकाना पाडलाच नव्हता.

हे सगळं कशासाठी, हे मला त्यांनी निदान दहा वेळा समजावलं असेल. दर वेळी मी मान हलवली आणि दर वेळी मला अर्धंच कळलं. याला गेम थिअरी म्हणतात, हे मी मागून नेटवर वाचलं. सर त्याला डावाचं गणित म्हणायचे.

“किलवणी नाक्यावर दोन रिक्षा उभ्या आहेत,” ते सांगत. “सगळे धावत पुढच्या रिक्षात बसतात. सहा माणसं कोंबलेली. मागची रिकामी. शहाणा कशात बसेल?”

मी मागच्या म्हणे.

“आणि सगळेच शहाणे असले तर?”

इथे माझं डोकं थांबायचं आणि त्यांचा चेहरा उजळायचा. हा प्रश्न म्हणजे त्यांची खरी जागा होती, बाकी सगळं तिथवर पोचायची वाट. फोनला फक्त रेंज दिसते, ते म्हणत, गर्दी दिसत नाही. म्हणून प्रत्येक फोन फुल रेंजचं नेट पकडतो आणि तेच सगळ्यात आधी बुडतं. नेट निवडताना डब्याकडे बघायचं नाही, शेजाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते बघायचं. आणि शेजारी तुझ्या डोक्यात काय चाललंय ते बघतोय, हेही बघायचं. “तू गच्चीवर जाशील असं मला वाटतंय, असं तुला वाटतंय का?” असा प्रश्न त्यांनी मला एकदा जिन्यात विचारला होता. मी खूप वेळ विचार करून हो म्हणाले. ते म्हणाले, “मग नको जाऊ.” मी नक्की कुठे जाऊ नये हे घरी जाईपर्यंत मला ठरवता आलं नाही.

नेटपुरतंच असतं तर लोकांनी सोडून दिलं असतं. पण सर भाजी आणायलाही तसेच जात. लग्नाच्या जेवणाला ते मंगलाष्टकं चालू असताना पानावर बसत, कारण तेव्हा सगळी माणसं नवरानवरीकडे बघत असतात. आम्ही एकदा डोकमर्डीला एका लग्नाला गेलो तर अक्षता पडायच्या आधी सर हात धुऊन बडीशेप खात उभे होते. वर मला म्हणाले, “सगळे माझ्यासारखे वागले तर मंडपात अक्षता टाकायला कुणी उरणार नाही. पण वागत नाहीत. त्यावर मी जगतो.” हे ते अभिमानाने म्हणाले की खेदाने, ते मला कळलं नाही. त्यांच्या आवाजावरून काहीच कळायचं नाही. तो कायम फळ्याकडे तोंड करून बोलल्यासारखा असे.

ते राजापूरकडचे. बायको तिकडच्या शाळेत शिक्षिका. इकडची नोकरी केंद्रशासित प्रदेशाची, तिकडची महाराष्ट्राची, त्यामुळे बदली होण्यासारखी नव्हती. कुणीतरी एकाने नोकरी सोडायला हवी होती. “तिला वाटतं मी सोडून येईन. मला वाटतं ती येईल,” असं त्यांनी एकदा आईला सांगितलं. “बावीस वर्षं डाव बरोबरीत आहे.” आई चहाचा कप हातात धरून थांबली. तिला वाटलं, पुढे काही दुःखाचं बोलतील. सरांनी विचारलं, तुमच्याकडे आज मध्य कसं चाललंय? पुढे तो डाव निवृत्तीनेच सुटला. सर आता तिकडे असतात आणि त्यांच्या खोलीत एक पॅकिंगवाला राहतो, जो फुल रेंज बघून नेट पकडतो.

फाशांची कल्पना पावसाळ्यानंतर आली. सरांनी बाजारातून लुडोचे बरेच पट आणले, सोंगट्या आणि पट शाळेत देऊन टाकले आणि बारा घरांत बारा फासे वाटले. एक-दोन पडलं तर तळ, तीन-चार मध्य, पाच-सहा गच्ची. रोज संध्याकाळी टाकायचा आणि पडेल तिथे जायचं. कारण विचारलं तर म्हणाले, “मनाने निवडलंत तर शेजारी तुमचं मन ओळखेल. फाशाला मन नसतं, म्हणून त्याला कुणी फसवू शकत नाही.”

मला ते ऐकायला फार चांगलं वाटलं होतं. स्वतः ठरवावं लागत नाही ही माझ्या दृष्टीने मोठीच सोय होती. आठवडाभर मी काय खायचं, कुठला ड्रेस घालायचा, हेही फाशावर ठरवलं. काकूंनी मात्र फासा देवघरात ठेवला आणि पाच किंवा सहा पडेपर्यंत त्या तो टाकत राहायच्या. गच्चीचं नेट त्यांच्या खोलीला जवळ पडे. सरांना हे कळलं तेव्हा ते चिडले नाहीत. वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, ठीक आहे, फासा टाकून खोटं बोलणाराही खेळाडूच.

क्रिकेटच्या मॅचचा रविवार अजूनही इमारतीत सांगितला जातो. मॅच दुपारची होती, सगळ्या घरांना ती फोनवर बघायची होती. फाशावर त्या दिवशी कुणाचाच विश्वास नव्हता. सकाळपासून एकेक जण सरांकडे हळूच जाऊन विचारून आला की, सर, मला एकट्याला सांगा, कुठे जाऊ? आमचे पप्पाही जाऊन आले. सरांनी प्रत्येकाला विचार करून एकच उत्तर दिलं. आज सगळे तळावर जाणार, त्याची रेंज सर्वांत जोरात आहे, तुम्ही गच्ची घ्या.

प्रत्येकाला दिलेला सल्ला बरोबर होता. पण तो त्यांनी दहा घरांना दिला.

पहिल्याच षटकात सगळ्या खोल्यांतून एकदम शिव्या ऐकू आल्या. चेंडू टाकणारा हात वर करून तसाच उभा, बारा घरांतल्या दहा फोनांवर. लोक जिन्यात आले. तळ पूर्ण रिकामं होतं. तिथे एकट्या जमनाबेन, ज्यांनी सरांना कधीच काही विचारलं नव्हतं, त्यांची मालिका बघत होत्या. पप्पा वैतागून म्हणाले, “सर, सगळ्यांना एकच कसं सांगितलं?” सर जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पेढे वाटायला निघालेल्या माणसासारखा दिसत होता.

“तुम्ही प्रत्येकाने मला एकट्याने विचारलंत,” ते म्हणाले. “एकट्याला मी खरंच सांगितलं.”

लोक आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मी तर तसंही फारसं बोलत नसे, त्यामुळे माझा फोन दाखवणं चालू राहिलं. मला त्या दिवसाचा अर्थ लागत नव्हता. सर हरले होते की जिंकले होते? त्यांचं गणित चुकलं असतं तर ते इतके खूश का होते? आणि बरोबर असेल, तर मॅच कुणालाच का दिसली नाही?

मग माझी मुलाखत आली.

मी वापीच्या कॉलेजमधून केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले होते. पुण्याच्या एका संस्थेत पुढे शिकायची जागा होती, फेलोशिपसकट. पेपर मी पास झाले होते, उरली होती वीस मिनिटांची ऑनलाइन मुलाखत, बुधवारी सकाळी अकराला. पप्पांनी कंपनीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मला त्यांचा राग येत होता आणि राग येतो याची लाज वाटत होती. मला विषयाची भीती नव्हती. मला बोलायची भीती होती. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून सगळ्यांना वाटतं मी धडाधड बोलत असेन. शाळेत बारा वर्षं मी इंग्रजीत गप्प बसले आणि घरी मराठीत, एवढाच फरक.

सरांनी मुलाखत मनावर घेतली. आठ दिवस आधीपासून अकराच्या सुमाराला कुठलं नेट कसं चालतं ते त्यांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत घरी धावत येऊन तपासलं. मध्य घ्यायचं ठरलं. मग प्रश्न आला बाकीच्यांचा. सरांनी घरोघरी जाऊन विनंती केली की अकरा ते साडेअकरा मध्यवर कुणी येऊ नये. सगळे हो म्हणाले. सर मला म्हणाले, “हो म्हणाले, पण प्रत्येकाला वाटणार की बाकी सगळे बंद आहेत, माझ्या एकट्याच्या फोनाने काय होतं. असे बारा एकटे असतात.” म्हणून त्यांनी आदल्या दिवशी जमनाबेनच्या परवानगीने मध्यचा पासवर्डच बदलला. तो फक्त मला सांगितला. त्यांनी स्वतःला तो पाठ राहू नये म्हणून उलटा टाईप करून घेतला होता, असं ते म्हणाले. हे शक्य आहे का, मला माहीत नाही. मी मान हलवली.

बुधवारी त्यांनी शाळेतून किरकोळ रजा घेतली. माझ्या माहितीत पहिल्यांदा. आमच्या दाराबाहेर प्लास्टिकचं स्टूल टाकून ते डब्यासमोर वही घेऊन बसले. दाराखालच्या फटीतून मला त्यांच्या चपला दिसत होत्या.

समोर तिघं होते, दोन बाई आणि एक सर. चित्र इतकं स्वच्छ होतं की एका बाईंच्या मागचा पडदा वाऱ्याने हलताना दिसत होता. त्यांनी माझ्याबद्दल विचारलं, ते मी पाठ केलं होतं, ते म्हटलं. प्रोजेक्टबद्दल विचारलं, तेही सांगितलं. मग चष्म्यावाल्या बाईंनी विचारलं की प्रयोगशाळेत तुझं काय चुकलं, आणि ते चुकल्यावर तू काय केलंस?

मला उत्तर येत होतं. एका द्रावणाची तीव्रता मी चुकीची धरली होती आणि चार दिवसांचं काम फुकट गेलं होतं. कुणाला न सांगता मी ते सगळं पुन्हा केलं होतं. वाक्य इंग्रजीत जुळवून तयार होतं. ते बाहेर येईना. एक सेकंद गेला, मग आणखी काही गेले. जितका वेळ गेला तितकं बोलणं अवघड झालं, कारण आता आधी या गप्प बसण्याचं काहीतरी सांगावं लागलं असतं.

बाई शेजारच्या सरांना म्हणाल्या की ही फ्रीझ झालेली दिसते.

मला ते स्पष्ट ऐकू आलं. आणि मी फ्रीझ झाले. मी मान हलवली नाही, पापणी हलवली नाही, ओठ जसे अर्धवट उघडे होते तसेच ठेवले. श्वाससुद्धा छातीवर दिसणार नाही असा घेतला. त्यांनी माझ्या नावाने दोनदा हाक मारली, ऐकू येतंय का विचारलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, न मिटल्यामुळे. ते त्यांना दिसेल अशी मला भीती वाटली. मग ते सर म्हणाले की लिंक तुटलेली दिसते, पुढच्या उमेदवाराला घेऊ. पडदा काळा झाला.

मी असं का केलं हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि आता तरी कळलंय असं म्हणवत नाही.

मी दार उघडलं. सर स्टुलावरून उठले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. सरांनी विचारलं, “काय गो, झालं?”

मी म्हणाले, “नेट गेलं.”

त्या आठवड्यात मी मोठ्याने उच्चारलेले हे सगळ्यात स्पष्ट शब्द असतील. सरांनी डब्याकडे बघितलं, मग वहीकडे. वहीत दर मिनिटाला एक बरोबरची खूण होती, अकरापासून ओळीने.

“दिवा तर हिरवाच होता,” ते म्हणाले. “मी नजर काढली नाही.” मग माझ्याकडे बघून लगेच म्हणाले, “पण तू म्हणतेस म्हणजे गेलं असणार. कितव्या मिनिटाला?”

मी सांगितलं, आठव्या. त्यांनी आठव्या मिनिटाची खूण खोडली. एवढंच नाही, त्याच्या पुढच्या सगळ्या खोडल्या.

संध्याकाळी पप्पा शिफ्टवरून आले. आईने सांगितल्यावर बूटही न काढता वर गेले. आम्ही खालून ऐकत होतो. पप्पा कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. ते म्हणाले, “सर, तुमचा मान आहे. पण माझी पोर तुमची सोंगटी नाही.” सर म्हणाले, बरोबर आहे तुमचं. बस. पप्पांना वाटलं होतं ते काहीतरी गणित सांगतील. ते खाली आले आणि बराच वेळ बूट घालूनच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या दाराशी एका स्टीलच्या वाटीत कुणीतरी फासे परत आणून ठेवले. मग त्या वाटीत भर पडत गेली. संध्याकाळपर्यंत त्यात दहा फासे झाले, सरांचा आणि आमचा सोडून सगळे. आमचा मी ठेवला नाही. तो माझ्या कंपासपेटीत होता. पण तो न ठेवण्याने सरांचं काही भलं होत होतं असं नाही. जमनाबेन म्हणाल्या, “मने तो एमनी वात क्यारेय समजाई नहीं,” म्हणजे त्यांना सरांचं बोलणं कधीच कळलं नव्हतं. तेवढं म्हणून त्यांनी मध्यचा पासवर्ड पुन्हा जुना करून घेतला. सर शाळेत जात, येत आणि दार लावून घेत. सात वाजता जिन्यात कुणी येत नसे. मी दोन-तीन दिवस सवयीने सातला फोन हातात घेऊन दाराशी उभी राहिले.

रोज रात्रीच्या जेवणाला मी ठरवायची की सांगायचं. मग वाटायचं, आता सांगितलं तर पप्पा सरांना जे बोलले ते परत कसं घेतील? आई इमारतीतल्या बायकांना काय सांगेल? आणि नेट गेलं हे कारण तसं वाईट नव्हतं. नेट सगळ्यांचंच जातं. त्यात कुणाचा अपमान नाही, असं मी स्वतःला सांगत होते. आणि वरच्या मजल्यावर एक माणूस सत्तावीस वर्षांचं गणित तपासून बघत बसला होता.

तेवढ्यात संस्थेची मेल आली. निवड जाहीर करण्याआधी ज्यांची मुलाखत अर्धवट राहिली त्यांनी कारण लेखी कळवावं, कारण पटलं तर पुन्हा वेळ देऊ. आईला मी ती वाचून दाखवली ही माझी चूक, कारण तासाभरात ती काकूंकडे पोचली आणि काकूंकडून समोरच्या बंद दारापलीकडे.

त्या दिवशी, म्हणजे कपड्यांची बादली घेऊन मी जिन्यात उभी राहिले त्याच दिवशी, चारच्या सुमाराला सर आमच्याकडे आले. दाढी वाढलेली, शर्ट इस्त्रीचा. हातात फुलस्केपचा कागद. आमच्या इमारतीत कुणालाही इंग्रजीत काही लिहून हवं असलं की ते माझ्याकडे येतात. पीएफचा अर्ज, शाळेचा अर्ज, रजेचा. खरं की खोटं मी विचारत नाही. विचारायचं तर बोलावं लागतं. एका अर्जात मी एकाच्या धडधाकट आईचं मांडीचं हाड मोडलंय.

सर म्हणाले, “एवढं इंग्रजीत करून दे. माझं इंग्रजी अर्जाचं नाही.”

मी लॅपटॉप उघडला आणि कागद शेजारी ठेवला. सरांचं अक्षर फळ्यावरच्यासारखं मोठं होतं. महोदय, सदर विद्यार्थिनी मुलाखतीच्या वेळी जे नेट वापरत होती ते निवडण्याचा निर्णय सर्वस्वी माझा होता. इमारतीत आणखी दोन नेट उपलब्ध असताना मी तिला त्यावर बसवले. दिवा हिरवा असूनही संपर्क तुटू शकतो हे मला कळायला हवे होते. मी सत्तावीस वर्षे गणित शिकवीत आहे आणि या चुकीची मला लाज वाटते.

मी हे सगळं टाईप केलं. अर्जाचं इंग्रजी मला सोपं जातं, त्यात मी कुठेच नसते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून चहा गाळत होती आणि सरांना खुर्ची घ्या म्हणत होती. सर बसले नाहीत.

शेवटच्या दोन ओळी अशा होत्या. यात मुलीचा दोष नाही. ती खोटे बोलत नाही, याची माझ्याकडे सात महिन्यांची नोंद आहे.

माझी बोटं थांबली. पहिली ओळ टाईप झाली होती. दुसरीचं इंग्रजी काही अवघड नव्हतं. ते टाईप केलं असतं, खाली सरांनी सही केली असती, तर बहुतेक मला दुसरी मुलाखत मिळालीही असती. सर माझ्या मागे उभे होते. हे पत्र माझ्याकडेच आणणं हाही त्यांचा एक डाव होता का, हे मी त्यानंतर शंभर वेळा मनात तपासलं आहे. त्यांना हिरवा दिवा दिसला होता. ते काही खुळे नव्हते. मी काय करेन याचा त्यांनी विचार केला असेल, आणि त्यांनी तो केलाय असं मला वाटेल, याचाही केला असेल. किंवा काहीच केला नसेल आणि फक्त माझ्यावर विश्वास ठेवला असेल. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही.

“शब्द अडला का?” सरांनी विचारलं.

मी मान हलवणार होते. ते मला येतं. आई कप घेऊन बाहेर आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये थांबली. मी खुर्ची वळवली.

“सर, नेट गेलं नव्हतं,” मी म्हणाले. “त्यांनी विचारलेलं मला ऐकू आलं होतं. मीच बोलले नाही.”